हौसाताई आमच्या मंडळीतली नव्हती

माझ्या बाबांना देवानं माफ केलं, ही बातमी मला भर चर्चमध्ये, सगळ्यांबरोबरच कळली, आणि मला इतका संताप आला की हातातलं गीतांचं पुस्तक मी बाकावर आपटलं. लोकांना वाटलं, पोरगी भारावली. शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि 'आमेन' म्हणाल्या. कसली भारावतेय मी! आता माझे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, तळेगावच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की मी खालीच खुर्ची टाकून बसते. पण तो राग आठवला की अजून कानशिलं तापतात. नातवंडं म्हणतात, आजी, तू चिडलीस की तुझं नाक हलतं. त्या दिवशी ते नक्की हललं असणार.

तेव्हा आम्ही लोणावळ्याला, तुंगार्लीत राहायचो. तळ्याच्या अलीकडे मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. बाबा तिथले माळी, राखणदार, पंप चालवणारे, सगळंच. बंगल्याच्या मागं आउटहाऊसच्या दोन खोल्या, त्यात आई, बाबा आणि मी. घर आमचं नव्हतं, बाबांच्या नोकरीचं होतं. नोकरी गेली की भांडीकुंडी उचलायची, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण माझ्यासाठी तेच घर. पावसाळ्यात कपडे शेगडीवर वाळायचे, त्यामुळे शाळेत माझ्या गणवेशाला कायम धुराचा आणि बोंबलाचा वास. घाटातून वर येणाऱ्या गाडीला मागून इंजिनं ढकलायची, त्यांचा घरघराट दुपारच्या शांततेत थेट ओट्यापर्यंत यायचा, आणि आई त्यावर चुलीवरचं घड्याळ लावायची: ही गाडी गेली, आता भात उतरवायचा. आई नगरकडची. तिच्या हातचं वांगं-मटण खायला साहेबांचे पाहुणे शनिवारी मुद्दाम यायचे आणि तिचं नाव न विचारता जायचे. आज त्याच रस्त्यानं गेलं तर सगळे व्हिला, दर शनिवारी गाणी अशी की तळ्यातले मासे बहिरे व्हावेत. असो.

बंगल्यात झाडलोट आणि भांडी करायला कुरवंड्याहून हौसाताई यायची. शेतकरी घरातली सून, उंच, चालीला काटक, आणि तोंडानं फटकळ. डोंगरातून चालत यायची, पदरात काही ना काही बांधलेलं असायचंच. कधी करवंदं, कधी रानातली कोवळी भाजी. मला बघितलं की म्हणायची, "काय गं शाळामास्तरीन, आज किती पोरांना हाणलं?" माझी वेणी ती घट्ट बांधायची, डोळे ताणले जायचे, पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटत नसे. मला सख्खी बहीण नव्हती. मी तिच्या मागं मागं असायचे.

बंगल्याच्या गच्चीत साहेबांची एक दुर्बीण असायची, कातडी पेटीतली. पाहुण्यांना नागफणीचा कडा दाखवायला साहेब ती बाहेर काढायचे. एका मोसमात ती नाहीशी झाली. साहेबांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "खोल्या तर ती झाडती." तेवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर हौसाताईला चौकीत नेलं, दिवसभर बाकावर बसवलं, थपडा मारल्या. काही सापडलं नाही म्हणून सोडलं, पण काम गेलं ते गेलंच. गावात ती 'दुर्बीणचोर' झाली. तिच्या धाकट्या बहिणीची जमलेली सोयरीक मुलाकडच्यांनी मोडली. ती पुन्हा तुंगार्लीत उतरली नाही. मी महिनाभर फाटकाशी उभी राहायचे. मग शाळेचं वर्ष बदललं, आणि पोरं विसरतात तशी मीही वेणी स्वतः घालायला शिकले.

बाबा प्यायचे. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, कारण ते गेल्यावर त्यांच्याबद्दल पहिलं वाक्य हेच लिहावं असं मला वाटलं नाही. पण प्यायचे, आणि भरपूर. मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी आमच्या चर्चमध्ये संजीवन सभा झाल्या. बाहेरगावचे उपदेशक आले, अंगणात मांडव घातला, ढोलकी, पेटी, टाळ. बाबा पहिल्या दिवशी मांडवाच्या बाहेर उभे होते, दुसऱ्या दिवशी आत, आणि शेवटच्या दिवशी पुढं गुडघ्यावर. ते लहान मुलासारखे रडले. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही, अगदी शेवटपर्यंत. आई तेव्हा चालता चालता हसायला लागली होती. मीसुद्धा खूश होते, खोटं कशाला बोलू? बाबा सकाळी पानं झाडताना गायला लागले होते, सुरात नव्हे, पण गायचे.

मग तो रविवार आला. बाबा साक्ष द्यायला उभे राहिले. आमच्याकडे साक्ष द्यायची एक रीत असते: आधी मी कसा होतो, मग प्रभूनं मला कसं शोधलं, मग आता मी कसा आहे. पाप मोघम सांगायचं, क्षमा ठासून. बाबा म्हणाले, "म्या दारूपायी मालकाची वस्तू इकली. वर खोटं बोललो, आन माझ्या खोट्यापायी एका गरीब बाईला मार बसला. पण येशूच्या रक्तानं मला धुतलं. आज माझ्यावर कसलाच डाग न्हाई." आणि सगळी मंडळी 'हालेलुया' म्हणाली. मी बाकावर बसल्या बसल्या दोन अधिक दोन केले, आणि पुस्तक आपटलं ते तेव्हा.

आम्ही घरी आलो. आईनं रविवारचं मटण चुलीवर ठेवलं होतं, ती झाकण उचलायला वाकली आणि मी म्हणाले, "तुला ठाऊक होतं?" तिनं झाकण तसंच धरून ठेवलं. म्हणजे ठाऊक होतं. मग मी बाबांकडे वळले. "हौसाताईला सांगितलंत?"

"देवाला सांगितलं की."

"देवाला चौकीत मार बसला होता का? हौसाताईनं माफ केलं का तुम्हाला?"

बाबा खरोखरच गोंधळले. मला फसवत नव्हते, बनवत नव्हते. त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते म्हणाले, "आगं, पण ती काय आपल्या मंडळीतली हाय?"

ह्या प्रश्नावर हसू नका. तो एकट्या बाबांचा नव्हता. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची उपासना असायची. कोणाचं कोणाशी वाकडं असेल त्यांनी उपासनेनंतर एकमेकांचे हात धरायचे, समेट करायचा, आणि मगच दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला घ्यायचा. आमच्या बायका हे काम मोठ्या हौसेनं करायच्या. कोणी कोणाच्या कोंबडीला दगड मारलेला, कोणी नळावर बादली पुढं सरकवलेली, सगळ्यांची रडारड होऊन मिठ्या पडायच्या, आणि सोमवारी नळावर पुन्हा नवीन सुरुवात. पण हे सगळं आतल्या आत. चर्चच्या भिंतीबाहेरच्या माणसाचा आपण गुन्हा केला असेल तर काय, ही रीत आमच्याकडं कोणी घालूनच दिली नव्हती. कुरवंड्याची हौसाताई त्या शनिवारच्या हिशेबात कधी बसणारच नव्हती. मला हे दिसलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ठरवलं, बाबा कुरवंड्याला जाऊन सांगत नाहीत तोवर मी त्यांचा हात धरणार नाही, आणि प्रभुभोजनही घेणार नाही.

शनिवारी बाबा हात पुढं करून माझ्यासमोर आले. अख्खी मंडळी बघत होती. मी हात पाठीमागं बांधले. कोणीतरी 'अरे देवा' म्हणालं. रविवारी घराघरानं माणसं उठून पुढं गेली, गुडघ्यावर आली. आई बाबांच्या शेजारी गेली आणि मी एकटी बाकावर बसून राहिले. असं आमच्याकडं फक्त मंडळीनं दूर ठेवलेली माणसं बसतात. दुपारी आईनं मला ताट वाढलं ते आपटून वाढलं. "बापाचं चांगलं झालेलं बघवंना व्हय गं तुला? आन साहेबाला कळलं तर? ह्या डोक्यावरच्या छपराचा इचार केलास?" केला होता. पण मी मागं हटणार नव्हते.

त्याच आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. सज्जन माणूस, हळू बोलणारे, चहा बशीत ओतून पिणारे. बाबा बाहेर उंबऱ्याशी लसूण सोलत बसले होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेर, देवानं तुझ्या वडिलांना क्षमा केली यावर तुझा विश्वास नाही?"

"मार हौसाताईनं खाल्ला आणि माफी देवानं दिली, हे कसं काय, तेवढं मला सांगा."

ते रागावले नाहीत. म्हणाले, पाप माणसाविरुद्ध केलं तरी आधी ते देवाविरुद्ध असतं, कारण ते माणूसही त्याचंच. म्हणून क्षमा करायचा पहिला अधिकार त्याचा. आणि ती क्षमा स्वस्त नाही. त्याच्या पुत्रानं वधस्तंभावर तिची किंमत भोगली. माणसानं काहीतरी करून ती मिळवायची म्हटली तर जन्मात मिळायची नाही. मी म्हटलं, "म्हणजे बाबांनी काहीच करायचं नाही?" ते म्हणाले, "मी असं म्हणालो नाही." मी म्हटलं, "मग काय म्हणालात?" आई आतून ओरडली, "एस्ते!" पाळकसाहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग म्हणाले, "खरं सांगू? तुझ्या वडिलांनी, शांतवननं, साक्ष दिली तेव्हा मी मोठ्यानं हालेलुया म्हणालो. ती बाई कोण, कुठं असते, हे विचारायचं माझ्याही मनात आलं नाही." आणि चहा तसाच ठेवून ते उठले. ह्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. चूक कबूल करणारे पाळक मी पुढं फार बघितले नाहीत.

ते गेल्यावर बाबा आत आले. लसणाची सालं हातालाच चिकटलेली. म्हणाले, "उद्या कुरवंड्याला जातो." आई म्हणाली, "घर जाईल." बाबा म्हणाले, "जाईल." मग माझ्याकडे बघून बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण पुढच्या आयुष्यात मी ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा हे मला जास्त कळलं. "एस्ते, आदी मला जाताच आलं नसतं. आदी वाटायचं, हे भायेर आलं का म्या संपलो. मान्सांत जागा न्हाई, देवाजवळ न्हाई, कुटंच न्हाई. आता देवाजवळ तर जागा हाय. हौसानं जोड्यानं मारलं तरी मार खाऊन परत याया जागा हाय. माफी मिळंल म्हणून न्हाई चाललो मी. मिळालीया, म्हणून पाय उचलतोय." मी तेव्हा नुसतं 'हं' म्हटलं. तेव्हा माझं वयच 'हं' म्हणायचं होतं. पण आतून मी हलले होते. मला वाटत होतं, देवाच्या माफीनं बाबांना निर्लज्ज केलं. आणि इथं तर तीच माफी त्यांना चपला घालायला लावत होती.

मी सोबत गेले. भाताची झोडणी चालली होती, सगळं गाव खळ्यांवर. हौसाताईच्या खळ्यावर तिचा नवरा, दीर, म्हातारे सासरे, शेजारपाजारची माणसं. ती वाळली होती. मला तिनं ओळखलं, आणि हातातली पेंढी झोडत राहिली. बाबांनी टोपी काढली, हात जोडले, आणि मोठ्यानं म्हणाले, "हौसाबाय, दुर्बीण म्या इकली. दारूसाठी इकली. साहेबाला तुझं नाव म्याच सुचवलं. तू चोरी केली न्हाई." एका क्षणात झोडणीचा आवाज थांबला. दीर हातातली काठी घेऊन पुढं आला. म्हातारे सासरे नुसते "आरं तुझ्या!" म्हणून खाली बसले. हौसाताईनं दिराला आडवा हात केला.

"म्या चोरी केली न्हाई ते मला म्हाईतच हाय की, भाऊ," ती म्हणाली. "मला काय सांगता? ज्यास्नी म्हाईत न्हाई त्यास्नी सांगा." तिनं पदर खोचला, हातावरचा तूस झटकला. "चला."

आणि तिनं बाबांना गावातून फिरवलं. ती पुढं, बाबा मागं, त्यांच्या मागं मी. प्रत्येक दारासमोर ती थांबायची, घरातल्यांना बाहेर बोलवायची, आणि बाबांकडे बघायची. बाबा तीच चार वाक्यं बोलायचे. कोणी शिव्या दिल्या, कोणी थुंकलं, कोणी पाण्याचा तांब्या पुढं केला. एक म्हातारी म्हणाली, "आता कशापायी उकरून काढता गं? मिटलं हुतं की." हौसाताई ताडकन म्हणाली, "तुमचं मिटलं हुतं, मावशी. माझं कुटं मिटलं?" बाबांचा आवाज बसला तरी ती थांबली नाही, आणि तेही थांबले नाहीत. शेवटच्या घरानंतर बाबांनी विचारलं, "आजून कुटं जायाचं?" ती म्हणाली, "माझ्या म्हायेरी. जिथं सोयरीक मोडली त्या घरी. चौकीत. आन तुमच्या साहेबाकडं." बाबा म्हणाले, "व्हय."

वेशीपाशी त्यांनी पुन्हा हात जोडले. "बाय, जमलं तर मला माफ कर."

"ते आज न्हाई जमायचं," ती म्हणाली. चिडून नव्हे, सरळ. "तुमच्या देवानं केलं आसंल माफ. त्याचं काय जातंय? त्याला काय खोट्या आळावर कुनी बसवून ठिवलं हुतं?"

माझा प्रश्न, मी स्वैपाकघरात विचारलेला. मी बाबांकडे बघितलं. ते हळू म्हणाले, "ठिवलं हुतं, बाय. न केलेल्या गुन्ह्यापायी. थपडा बी मारल्या. त्याच्या मान्सांनी वळख बी दावली न्हाई."

मी त्या वेशीवर उभी होते आणि लहानपणापासून ऐकलेली येशूच्या छळाची गोष्ट मला पहिल्यांदा ऐकू आली. मी आजवर प्रभूला बाबांच्या बाजूला बसवत होते, माफ करणाऱ्या मोठ्या साहेबासारखं, ज्याचं काही गेलं नाही. तो तर चौकीतल्या बाकावर होता, हौसाताईच्या शेजारी. मारही त्यानं खाल्ला होता. म्हणून त्याला माफ करायचा अधिकार होता. मला रडू फुटलं. मग हौसाताई म्हणाली, "मंग त्याला ठावं आसंल, मला येळ का लागतुया ते," आणि वळून खळ्याकडे गेली.

बाबा सगळीकडे गेले. चौकीत त्यांना हसले आणि हाकलून दिलं. मोडलेली सोयरीक काही जुळली नाही; त्या मुलाला तोवर पोरंबाळं झाली होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, सिगारेट विझवली आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. ओळखीनं बाबांना तळेगावात एका कारखान्यात पहाऱ्याचं काम मिळालं, म्हणून मी आज तळेगावची. आई पहिलं वर्षभर माझ्याशी तुटक बोलायची. पुढं दर मोसमाला, झोडणी झाली की बाबा कुरवंड्याला जायचे. हौसाताई कधी चहा द्यायची, कधी दारातूनच "बरं हाय" म्हणायची. तिनं माफ केलं का? मला माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही, बाबांनी परत मागितली नाही, आणि विचारायचा मला अधिकार नव्हता.

पण मला सांगायचंय ते लोणावळा सोडायच्या आधीच्या रविवारचं. सामान बांधून झालं होतं. चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. नेहमीप्रमाणे घराघरानं माणसं पुढं जाऊ लागली. आमची पाळी आली, आई उठली, मी उठले, आणि बाबा उठेनात. ते खाली बघत बसले होते, हात मांडीखाली. जो माणूस दारोदार उभा राहिला, त्याला आता पुढं जायला पाय नव्हते. सगळी मंडळी पुन्हा आमच्याकडे बघत होती.

"बाबा," मी म्हटलं.

"हौसानं आजून माफ केलं न्हाई, एस्ते. तू म्हणली हुतीस ते बराबर हुतं. म्या कसा जाऊ?"

असा राग आला मला! पण हा राग निराळा होता. मी वाकले, त्यांच्या काखेत हात घातला आणि भर चर्चमध्ये त्यांना ओढून उभं केलं. "ताईचं ताई बघेल. तिला लागेल तेवढा वेळ लागू दे, तुम्ही जात राहा," मी म्हटलं. "पण हे तिनं द्यायचं नाही आणि मी रोखायचं नाही. ज्यानं द्यायचं त्यानं दिलंय. उठा. मला एकटीला जायचं नाही."

त्यांनी माझा हात धरला. मग आम्ही तिघंही पुढं गेलो आणि गुडघे टेकले.